कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली धूळ घरच्या घरी कशी काढावी?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उन्हाळा तापला की दुकानात एकच तक्रार येत राहते: "कॉम्प्युटर चालू होतो, पण अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो." उघडून पाहिलं की आत बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. प्रोसेसरवरच्या, म्हणजे मुख्य चिपवरच्या, पंख्याखाली हीट सिंक असतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा. त्याच्या पातळ पात्यांमध्ये राखाडी धूळ घोंगडीसारखी घट्ट बसलेली असते. नखाने कड उचलली की अख्खा पापुद्रा निघून येतो. पंखा जीव तोडून फिरतो, पण वारा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास तापला की तो आधी आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. एवढ्यासाठी तुम्ही आम्हाला पैसे द्यावेत असं आम्हाला वाटत नाही. हे काम घरी होतं.

साफसफाई वर्षातून दोनदा करा. एकदा मृगाचा पाऊस लागायच्या आधी, कारण कोरडी धूळ नुसती उष्णता अडवते, पण पावसाळी हवेत ती ओल धरते, आणि ओल्या धुळीतून वीज वाट काढते. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. त्या दिवशी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथ मशीनसुद्धा पुसून-तेल देऊन मग पुजतात. संगणकाचीही पूजा जरूर करा, पण आधी कव्हर उघडून आतून स्वच्छ करा. हळद-कुंकू आणि अंगारा कॅबिनेटच्या हवेच्या जाळीवर टाकू नका, बाजूला लावा. ती पूड पंखा थेट आत ओढतो.

प्रत्येक भागातली धूळ वेगळी असते. शहापूर, वडगाव, खासबाग भागात ज्यांच्या घरी माग आहेत, त्यांच्याकडे कॅबिनेटमध्ये सुताचा तूस भरतो. तो हलका असतो, ब्रशने सहज निघतो, मात्र दोन-तीन महिन्यांत पुन्हा साठतो. निपाणीकडच्या मशीनमध्ये तंबाखूची बारीक पूड सापडते. ती झटकताना नाका-तोंडाला रुमाल बांधा आणि मुलांना लांब ठेवा. खानापूरकडे तांबडी माती आणि पावसाळाभर दमट हवा. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये कव्हर उघडण्यापेक्षा चांगलं ऊन पडेपर्यंत थांबलेलं बरं. फाउंड्री किंवा मशीन शॉपच्या ऑफिसातला संगणक मात्र घरी साफ करू नका. त्या धुळीत लोखंडाचे कण असतात. ब्लोअर मारला की ते आतल्या जोडणीच्या खाचांमध्ये जाऊन बसतात आणि चालू करताच शॉर्ट होतो.

आता प्रत्यक्ष काम. मशीन शटडाउन करा, मागचा स्विच बंद करा आणि भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचं पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी उतरते. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाईलवर एक फोटो काढा. मॉनिटरची वायर कुठे होती हे नंतर हमखास विसरतं.

कॅबिनेट ओसरीवर किंवा गच्चीवर न्या. डाव्या-उजव्या दोन झाकणांपैकी ज्यातून आतला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, समोर दिसतो, ते काढा; मागून पाहिल्यास ते सहसा उजवीकडचं असतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावा, आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगात स्वेटर किंवा नायलॉनची साडी असेल तर ही काळजी अधिकच घ्या. अंगातल्या स्थिर विजेची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला पुरते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर याच कारणासाठी आत वापरू नका.

एक इंची कोरडा, मऊ, रंगकामाचा नवा ब्रश आणि छोटा ब्लोअर एवढं सामान बास. आधी ब्रशने धूळ सैल करा, मग वीतभर अंतरावरून झोत मारा. झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तो मोकळा सोडला तर गरगर फिरून बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारा पंखा उलटी वीज तयार करून मदरबोर्डकडे ढकलू शकतो. सगळा वेळ हीट सिंकवर घालवा. पात्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला की ती साफ झाली समजा. पुढची जाळी धुवायची असेल तर सुटी करून धुवा आणि पूर्ण वाळवून मगच लावा. बाकी कुठेही पाणी किंवा ओलं फडकं लावू नका.

हीट सिंक उपटून काढू नका. तो आणि प्रोसेसर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, आणि काही मशीनमध्ये तिला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो, त्याच्या पिना वाकतात. एकदा हीट सिंक सुटला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. ते काम आमच्याकडे द्या.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. पॉवर सप्लायची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही खोलू नका. 230 व्होल्टवरून आत 300 व्होल्टच्या वर डीसी तयार होते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठून राहते. तिचा झटका जीवावर बेतू शकतो. बाहेरच्या जाळीतून झोत मारा, तेवढंच.

झाकण लावण्यापूर्वी पंख्यात एखादी वायर अडकत नाही ना, ते बघा. चालू केल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका. बहुतेकदा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, जागेवरून हललेली असते. पुन्हा प्लग काढून, रॅम बाहेर काढून पुन्हा खाचेत बसवा आणि दोन्ही बाजूंना 'टक' असा आवाज येईपर्यंत सरळ दाबा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्याच कार्डाला लावली आहे ना, तेही पाहा. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल बदलायला झाला आहे. धुळीचा त्याच्याशी संबंध नाही.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा. देवघर जवळ असेल तर उदबत्तीचा धूर त्यावर येणार नाही अशी जागा निवडा.

एवढं करूनही मशीन बंद पडत असेल तर फक्त कॅबिनेट घेऊन या. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरीच राहू दे. गाडीवरून किंवा एसटीतून आणताना ते आडवं धरा, मदरबोर्डची बाजू खाली, म्हणजे जड हीट सिंक आणि कार्ड खड्ड्यांत लोंबकळणार नाहीत. महत्त्वाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. साफसफाई तुमच्यासमोर करू, आतून निघालेली धूळही दाखवू.