गॅलरीत चार 'हळदी' : फोल्डरातल्या फोल्डरची पार्श्वभूमी

माझ्या फोनच्या गॅलरीत 'हळद' नावाचे चार अल्बम आहेत. तीन लग्नातल्या हळदीचे, आत्याचं लग्न, ताईचं आणि माझं. चौथा मार्केट यार्डातल्या हळदीचा, कारण बाबा सांगलीच्या यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते आणि सौद्यांचे, पोत्यांच्या थप्प्यांचे बरेच फोटो त्यांच्याकडं साठले होते. परवा आत्या आली, म्हणाली माझ्या हळदीचे फोटो दाखव की, मी फोन तिच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात बाहेरनं आवाज, "अरे, ही पोती कुठली दाखवाय लागलायस? मी कुठाय ह्यात?"

आता मी काय फोटो कसेही कोंबलेले नाहीत. कॉम्प्युटरवर सगळं नीट लावलंय, 'घरचे फोटो', त्यात 'लग्नं', त्यात 'आत्या १९८७', त्यात 'हळद'. यार्डातली हळद वेगळ्याच फांदीवर, 'बाबा', त्यात 'यार्ड', त्यात 'हळद'. ही सगळी उतरंड जशीच्या तशी फोनमधल्या कार्डावर कॉपी केली. फाइल मॅनेजर उघडला तर उतरंड जागच्या जागी आहे, गॅलरी उघडली की सगळं सपाट, चार हळदी शेजारी शेजारी, कोणती कुणाची पत्ता नाही. हे असं का होतं ते शोधायला गेलो तर गोष्ट बरीच मागं जाते.

फोल्डरात फोल्डर ही कल्पना फोनच्या, फोटोच्या, अगदी घरगुती कॉम्प्युटरच्याही आधीची. १९६५ साली मल्टिक्स नावाच्या सिस्टीमच्या आराखड्यात ती नीट मांडली गेली, एका डिरेक्टरीत (म्हणजे फोल्डरात) दुसरी, तिच्यात तिसरी, कितीही खोल. तिथनं ती युनिक्स नावाच्या पुढच्या सिस्टीमनं उचलली. घरच्या पीसीवर मात्र यायला वेळ लागला. पीसी ज्या सिस्टीमवर चालायचा त्या डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, फ्लॉपीवर मावून मावून फाइली मावणार किती, सगळ्या एका यादीत. १९८३ मधे आयबीएमनं १० एमबीची हार्डडिस्क बसवलेला पीसी एक्सटी काढला तेव्हा डॉस २.० मधे सबडिरेक्टरी, म्हणजे पोटफोल्डर, आली, कारण १० एमबी म्हणजे त्या काळी गोदामच, तिथं एका यादीत माणूस हरवेल. (आज १० एमबीत माझ्या फोनचे दोन-तीन फोटो बसतात.)

मजा आहे ती १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशची. त्याच्या स्क्रीनवर फोल्डरची चित्रं दिसायची, फाइली ओढून त्यात टाकता यायच्या, पण डिस्कवर प्रत्यक्षात फोल्डर वगैरे काही नव्हतंच, सगळ्या फाइली एकाच पातळीवर आणि फोल्डर म्हणजे नुसता देखावा. खरी उतरंड त्यात १९८५ साली आली. म्हणजे तेव्हा फोल्डर दिसायचं पण नसायचं, आणि आत्ता माझ्या फोनमधे फोल्डर आहे पण दिसत नाही.

फोटोंची वाट वेगळी झाली ती कॅमेऱ्यांमुळं. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्यात घातलं तर वाचता यायला हवं, स्टुडिओवाल्याच्या प्रिंट मशीनला कळायला हवं, म्हणून १९९८ साली जपानमधल्या उद्योगांच्या संघटनेनं एक नियम ठरवला, त्याचं नाव डीसीएफ. कार्डावर डीसीआयएम नावाचं एक फोल्डर, त्यात १०० ते ९९९ पैकी तीन आकडे आणि पुढं पाच अक्षरं अशा नावाची फोल्डरं, त्यात फोटो, नाव चार अक्षरं आणि चार आकडे. बस. तिसरी पातळी नाहीच. 'आयएमजी_०००१' हे जे नाव आपण इतकी वर्षं बघतोय ते त्या नियमाचं. तुम्ही कॉम्प्युटरला कार्ड लावून त्यात 'महाबळेश्वर', त्यात 'वेण्णा लेक' असं काही करून ठेवलंत तर कॅमेऱ्याच्या नियमात त्याला जागाच नव्हती. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं म्हणा, त्याला फोटो पुढं ढकलायचे होते, सांभाळायचे नव्हते. सांभाळणं हे कॉम्प्युटरचं काम. पण मग कॅमेरा फोनमधे गेला, कॉम्प्युटर घरातनं निघून गेला, आणि डीसीआयएम तेवढं राहिलं. आजही कुठलाही अँड्रॉइड फोन उघडून बघा, कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएममधेच पडतात.

मधल्या काळात नोकियावाल्यांनी आपलं वेगळं केलेलं. त्यांच्या सिंबियन सिस्टीमच्या फोनांमधे इमेजेस फोल्डरात वर्ष-महिन्याचं फोल्डर आपोआप व्हायचं, २००७०७ असं, आणि त्याच्या आत परत एक. म्हणजे उतरंड होती पण ती फोननं लावलेली, तारखेची, आपल्या मनाची नव्हे.

इथं बाबांच्या कामाचं सांगावं लागतं. अडत दुकानात दोन वह्या असतात, किर्द आणि खतावणी. किर्दीत आजच्या तारखेला जे जे झालं ते ओळीनं, कोण आलं, किती पोती, किती पैसे. खतावणीत तेच व्यवहार नावावर, अमक्या शेतकऱ्याचं खातं, तमक्या व्यापाऱ्याचं खातं. बाबा म्हणायचे, नुसत्या किर्दीवर दुकान चालत नाही, माणूस उधारी विचारायला आला की तारखा शोधत बसणार का? फोनची गॅलरी म्हणजे नुसती किर्द आहे. काल काय काढलं, परवा काय काढलं. आमच्यासारख्यांना हवी असते खतावणी.

आयफोननं २००७ साली खतावणीचा विषयच मिटवला. फाइल, फोल्डर हे शब्दच फोनवर नाहीत, कॅमेरा रोल म्हणून एक लांबलचक पट्टी, सरकवा आणि बघा. पुढं त्यात अल्बम करता यायला लागले, अल्बम फोल्डरात आणि फोल्डर फोल्डरात पण ठेवता येतात आता, पण फोटो मूळच्या ढिगातच राहतो, अल्बममधे फक्त त्याची नोंद. फाइल्स नावाचं ॲप थेट २०१७ मधे, आयफोनच्या सिस्टीमच्या, आयओएसच्या, ११ व्या आवृत्तीबरोबर. दहा वर्षं लोकांना फाइल दिसली नाही आणि बहुतेकांचं काही अडलं नाही हे पण खरंय.

अँड्रॉइडची गंमत अशी की तिथं फोल्डर पहिल्यापासून उघडे होते, तरी गॅलरीत दिसले नाहीत. २००८ ला पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हाची कार्डं हळू, प्रोसेसर त्याहून हळू. प्रत्येक ॲपनं उठून अख्खं कार्ड फोल्डर फोल्डर चाळत बसायचं म्हटलं तर फोन बसला असता. म्हणून सिस्टीमनंच एक स्कॅनर ठेवला, कार्ड घातलं की तो एकदा सगळं फिरून येणार आणि मीडियास्टोअर नावाच्या एका वहीत नोंदी करणार, ही फाइल इथं आहे, ह्या तारखेची, एवढ्या साइजची. गॅलरीनं कार्डाकडं बघायचंच नाही, वहीला विचारायचं. जुने फोनवाले आठवतील, कार्ड घातल्यावर थोडा वेळ गॅलरी रिकामी आणि मग एकेक फोटो उगवायचे, तो हा स्कॅनर.

त्या वहीत प्रत्येक फोटोपुढं एक रकाना असतो, त्याला म्हणतात बकेट. म्हणजे बादली. फोटो ज्या फोल्डरात आहे त्याच्या पूर्ण पत्त्यावरनं एक नंबर काढलेला असतो तो बादलीचा नंबर, आणि दाखवायचं नाव म्हणून पत्त्यातला फक्त शेवटचा शब्द. संपलं. माझे चारही पत्ते वेगळे, म्हणून बादल्या चार. शेवटचा शब्द चारही ठिकाणी 'हळद', म्हणून नावं सारखी. मधलं 'लग्नं', 'आत्या १९८७' हे सगळं ज्या फोल्डरांत थेट एकही फोटो नाही, नुसती पोटफोल्डरं आहेत, त्यांची बादलीच होत नाही, त्यामुळं ती गॅलरीत उगवतच नाहीत. हे म्हणजे सांगलीतल्या पोस्टमननं पाकिटावरचा 'गणपती पेठ' तेवढा वाचायचा आणि गाव सोडून द्यायचं. बहुतेक गॅलरी ॲपं आजही ह्याच रकान्यावर चालतात. फोल्डर कुणी मोडलेलं नाही, वाचणाऱ्यानं शेवटचाच शब्द वाचलाय.

ह्याच स्कॅनरची एक उलटी सोय पण आहे. फोल्डरात 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाइल टाकली की स्कॅनर ते फोल्डर आणि त्याच्या पोटातलं सगळं सोडून पुढं जातो. गाण्यांच्या ॲपांची कव्हरं वगैरे गॅलरीत येऊ नयेत म्हणून ती सोय. आमच्या मेहुण्यानं कुठल्यातरी ॲपचं फोल्डर अख्खं उचलून 'घरचे फोटो'त टाकलं आणि त्यातली ही फाइल नेमकी बाहेर, वरच्या पातळीवर येऊन पडली, तर अख्ख्या घराचे फोटो गॅलरीतनं गायब. बायको रडायला आलेली. फाइल काढली, फोन बंद करून चालू केला, सगळं परत.

आता कुणी म्हणेल तारखेवर शोध की, गॅलरीत तारखा असतातच. तिथंच तर घोडं पेंड खातं.

हे जुने फोटो फोनमधे आले कसे ते ऐका. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं जुनं घर गावभागात, माळ्यावरचं वाचलं, खालच्या कपाटातले अल्बम पाण्यात. ते जुने अल्बम ज्यात पान चिकट असतं आणि वरनं प्लास्टिक, त्यातले फोटो भिजले की प्लास्टिकला धरतात, सोडवायला गेलं की चेहरा प्लास्टिकवर आणि कागद हातात. दोन-तीन असे घालवल्यावर आम्ही शहाणे झालो, गच्चीवर चादर पसरून जे सुटे होते ते वाळवले आणि जे चिकटलेले होते त्यांचे प्लास्टिकवरनंच फोनमधे फोटो काढून घेतले. आत्याची हळद त्यातच वाचली. एका कोपऱ्यात पाण्याची रेघ आहे आणि आत्याच्या कपाळावर ट्यूबलाइटची चकाकी, पण आहे.

तर फोटो फोननं काढला की त्यात एक्झिफ नावाची चिठ्ठी बसते, हे १९९५ पासूनचं, त्यात तारीख, वेळ, कॅमेरा सगळं. त्या चिठ्ठीप्रमाणं आत्याची हळद ऑगस्ट २०१९ ला लागली. गॅलरीत खाली खाली सरकवत गेलं तर आधी दारातला चिखल, मग भिजलेल्या गाद्या, मग १९८७ ची आत्या हळद लावून हसतीय, मग पंचनाम्याला काढलेले भिंतीचे फोटो. फोटो व्हॉट्सॲपवर फिरून आला असेल तर ती चिठ्ठीपण निघून जाते, नावात फक्त पाठवल्याची तारीख उरते. फोनचं सगळं गणित असं धरून चाललंय की फोटो त्याच्यासमोरच जन्माला आला. आमच्या घरातले निम्मे फोटो फोनपेक्षा म्हातारे आहेत, त्यांना किर्द लागू होत नाही.

कॉम्प्युटरवर ह्याला चांगला उपाय होता, पिकासा. गुगलनं २००४ मधे विकत घेतलेलं, आपली फोल्डरं हार्डडिस्कवर जशी आहेत तशी डाव्या बाजूला दाखवायचं, झाडासारखी पण. २०१५ मधे गुगल फोटोज आलं आणि २०१६ मधे पिकासा बंद. गुगल फोटोजचं म्हणणं साधं होतं, लावत बसू नका, शोधा, चेहरे आम्ही ओळखतो, जागा आम्ही ओळखतो, आणि जागा पण फुकट, पाहिजे तेवढी. ती फुकटगिरी १ जून २०२१ ला संपली. अल्बममधे अल्बम मात्र त्यात आजही होत नाही.

फोनवर उतरंड दाखवणारी ॲपं आली आणि गेली. क्विकपिक छोटं, झटकन उघडणारं, लोकांचं लाडकं होतं, २०१५ मधे ते चीता मोबाइल नावाच्या कंपनीनं घेतलं आणि बऱ्याच जणांनी ते काढून टाकलं. सिंपल गॅलरीत पोटफोल्डरं एकत्र बांधून दाखवायची सोय होती, तेपण २०२३ मधे विकलं गेलं, मग त्याचा कोड उघडा असल्यामुळं लोकांनी फॉसिफाय नावानं तेच पुढं चालवलं. त्यात मधे अँड्रॉइडनंच नियम बदलले. २०१३ च्या ४.४ आवृत्तीत ॲपांना मेमरी कार्डावर स्वतःच्या फोल्डरबाहेर लिहायला बंदी, पुढच्या वर्षी ५.० मधे तुम्ही बोट दाखवाल त्या फोल्डरापुरती मुभा, मग १० आणि ११ मधे आणखी आवळलं, आता सगळ्या फाइली बघायच्या तर वेगळी परवानगी. हे योग्यच आहे, टॉर्चच्या ॲपला माझ्या आत्याचे फोटो कशाला? पण उतरंड दाखवणाऱ्या गॅलरीला दर दोन-तीन वर्षांनी घर बांधून काढावं लागतं हे त्याचं दुसरं अंग.

मी शेवटी वहीला जे वाचता येतं तेच लिहायचं ठरवलं. उतरंड तशीच ठेवली, फक्त शेवटच्या फोल्डरचं नाव एकट्यानं उभं राहील असं केलं. पहिल्यांदा 'हळद-लग्न-आत्या-१९८७' केलं तर गॅलरीत चौकोनाखाली 'हळद-ल…' एवढंच मावतं, तिन्ही परत सारखी. म्हणून उलटं फिरवलं, 'आत्या ८७ हळद', 'ताई हळद', 'आमची हळद'. यार्डातल्या फोल्डरचं नाव आता नुसतं 'पोती' आहे.