भव्य पर्वतचित्रे, चिनी

एका उत्तुंग पर्वताभोवती रचलेली, रेशमी पटावर शाईने व कधी फिकट रंगांची जोड देऊन केलेली चिनी निसर्गचित्रे. निसर्गचित्राला चिनी भाषेत ‘शानश्वे’ (डोंगर-पाणी) म्हणतात. हा प्रकार उत्तर सुंग काळात (९६०–११२७) पूर्णत्वास गेला.

उगमाविषयी मतभेद आहेत. तीन इंचांच्या उभ्या रेषेत हजार पुरुष उंची दाखवता येते, असे चित्रकार व लेखक झुंग बिंग (३७५–४४३) याने लिहिले असल्याने काही अभ्यासक प्रारंभ तिथवर मागे नेतात. परंतु तो विचाराचा प्रारंभ म्हणावा, चित्रप्रकाराचा नव्हे. परंपरेने श्रेय थायहांग पर्वतात राहिलेला चित्रकार जिंग हाओ याला (दहाव्या शतकाचा पूर्वार्ध) दिले जाते. कुंचला व शाई या दोहोंवर सारखीच हुकमत हवी, हा त्याचा आग्रह होता. त्याच्या नावावरील चित्रांचे कर्तृत्व मात्र वादग्रस्त आहे. त्यांपेक्षा थडग्यांतील पुरावा अधिक विश्वसनीय वाटतो. हबेई प्रांतातील वांग छूझ्‌ याच्या थडग्यात (९२४, उत्खनन १९९५) शाईतले निसर्गभित्तिचित्र आहे. ल्याओनिंगमधील येमाओथाय येथे १९७४ मध्ये थडग्यातून मिळालेला उभा पटही साधारणपणे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात. निसर्गचित्रकार ली छंगबाबत (९१९–९६७) अस्सल-नकलीचा गोंधळ उत्तर सुंग काळातच सुरू झाला होता : आपण त्याची अस्सल चित्रे दोनच पाहिली, नकली तीनशे, असे त्या काळातील चित्रकार व समीक्षक मी फू सांगतो.

फान ख्वानचे ‘डोंगर-ओढ्यांतील प्रवासी’ (सु. १०००, २०६·३ × १०३·३ सेंमी.; राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालय, तायपेई) हे या प्रकारातील सर्वश्रेष्ठ चित्र होय. पटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग एकट्या कड्याने व्यापला आहे. कड्याच्या पायथ्याशी धुके असल्याने तो जमिनीपासून सुटून वर उठल्यासारखा भासतो. खाली उजवीकडे खेचरांचा तांडा मुंग्यांएवढा दिसतो. कड्याचा खडबडीतपणा ‘पर्जन्यबिंदू’ नावाच्या असंख्य आखूड फटकाऱ्यांनी साधला आहे. तांड्यामागील पानांत दडलेली चित्रकाराची सही १९५८ मध्ये ली लिनत्सान यांना आढळली. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक हे चित्र त्याचेच मानतात. ते मत ग्राह्य वाटते.

क्वो शीचे ‘वसंतारंभ’ हे सही व सन (१०७२) असलेले चित्र आहे. त्याचे विचार मुलाने, क्वो स्स याने, संकलित केले. त्यांत तीन ‘दूरता’ सांगितल्या आहेत : पायथ्यावरून शिखराकडे, पुढच्या डोंगरापलीकडे खोल आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे. पाहणारा एका जागी खिळलेला नसून चित्रात हिंडतो, हे गृहीत धरल्याशिवाय ही रचना उलगडत नाही.

ली थांगच्या ११२४ मधील चित्रात कुऱ्हाडीच्या घावांसारखे फटकारे आहेत. ११२७ मध्ये राजधानी खायफंग पडली व दरबार दक्षिणेस गेला. पुढे मा युआन व श्या ग्वे यांच्या चित्रांत डोंगर बहुधा पटाच्या एका बाजूस सरकला.