तक्ता नवव्या पानावर का जातो?

प्रबंध छापायला देण्याच्या आदल्या आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते: तक्ता टाकला होता सहाव्या पानावर, तो जाऊन बसला नवव्यावर. बिघाड कुठेच झालेला नसतो. दीडशे पानांच्या मजकुरात तीसेक तक्ते नीट बसवणं हे मुळातच अवघड गणित आहे, आणि संगणक ते पूर्ण सोडवण्याच्या फंदातच पडत नाही.

मजकूर वाळूसारखा असतो. पान भरलं की कुठल्याही ओळीपाशी तोडा, उरलेला पुढच्या पानावर ओतला जातो. तक्ता दगडासारखा. पानाच्या तळाशी आठ ओळींची जागा उरली असेल आणि तक्ता बारा ओळींचा असेल, तर दोनच वाटा उरतात. एक, ती जागा कोरी सोडून तक्ता पुढच्या पानावर न्यायचा. दुसरी, तक्त्यानंतरचा मजकूर वर ओढून ती जागा भरायची आणि तक्त्याला पुढे सोयीची जागा शोधू द्यायची. छापखान्यातले जुळारी पूर्वीपासून दुसरी वाट धरत आले आहेत. अशा तक्त्याला ‘तरंगता’ म्हणतात.

डोनाल्ड कनुथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारलं. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांतले असंख्य प्रबंध आजही त्यातच जुळवले जातात. परिच्छेदाच्या ओळी कुठे तोडायच्या हे टेक अख्खा परिच्छेद एकदम नजरेखाली घालून ठरवतं. पानांच्या बाबतीत मात्र ते एक पान भरतं, बंद करतं आणि पुढे जातं. त्या काळच्या संगणकांच्या स्मृतीत अनेक पानं एकदम मावतच नसत, हे त्याचं एक कारण.

आज स्मृती भरपूर आहे, पण अडचण तेवढीच नाही. प्रत्येक तक्त्याला तीनच संभाव्य जागा धरल्या, तरी तीस तक्त्यांच्या मांडण्या दोनशे लाख कोटींहून जास्त होतात. शिवाय एक तक्ता हलला की पुढची सगळी पानं हलतात. कनुथ यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की तक्ते-आकृत्या त्यांच्या उल्लेखाच्या शक्य तितक्या जवळ ठेवण्याचा प्रश्न काही स्वरूपांत ‘एनपी-कम्प्लीट’ आहे. म्हणजे त्या स्वरूपांत, तक्ते वाढले तरी झटपट चालेल अशी, सर्वोत्तम मांडणी हमखास शोधणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

म्हणून लाटेक साध्या नियमांवर भागवतं, आणि ते नियम माहीत असले की निम्मा मनस्ताप वाचतो. तक्त्यापुढे लेखक जागेची अक्षरं देतो: एच म्हणजे इथेच, टी म्हणजे पानाच्या माथ्यावर, बी म्हणजे तळाशी, पी म्हणजे फक्त तक्त्यांसाठी राखलेल्या स्वतंत्र पानावर. ठरलेल्या मर्यादा अशा: माथ्यावरच्या तक्त्यांनी पानाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग घ्यायचा नाही, तळाशी ३० टक्क्यांहून जास्त नाही, आणि मजकूर असलेल्या पानावर निदान २० टक्के मजकूर हवाच. एकाच प्रकारच्या गोष्टींचा क्रमही बदलत नाही. तक्ता ५ कधीच तक्ता ४च्या आधी येत नाही.

आता घोळ कसा होतो ते पाहा. तक्ता पानाच्या ७५ टक्के उंचीचा आहे आणि लेखकाने हट्टाने ‘इथेच किंवा माथ्यावर’ एवढीच मुभा दिली आहे. इथे जागा नाही. माथ्यावर ७० टक्क्यांची अट आडवी येते. स्वतंत्र पानाची परवानगीच नाही. तक्ता रांगेत थांबतो आणि क्रमाच्या नियमामुळे त्याच्या मागचे सगळे तक्ते त्याच्यासोबत ताटकळतात. प्रकरण संपलं की ती अख्खी रांग एकदम बाहेर पडते. ही रांग पूर्वी १८ तक्ते-आकृत्यांपर्यंतच चाले, त्यापुढे प्रणाली हात टेकत असे. २०१५मध्ये ती मर्यादा ५२वर नेली गेली. यावरचा उपाय बहुतेकांच्या अपेक्षेच्या नेमका उलट आहे. तक्ता भरकटू नये म्हणून लोक परवानग्या कमी करतात, आणि त्यामुळेच तो लांब जातो. पी हे एक अक्षर वाढवलं की उदाहरणातला तो अडकलेला तक्ता मोकळा होतो.

लेखकाच्या हातात याहून मोठी किल्ली आहे ती त्याच्या वाक्यात. ‘खालील तक्त्यात’ असं लिहिलं की तक्ता तिथेच खिळवला गेला. ‘तक्ता ४ पाहा’ लिहिलं की तो कुठेही बसू शकतो आणि वाचकही चुकत नाही. तक्त्यांना क्रमांक द्यायचे ते यासाठी, परीक्षकाच्या समाधानासाठी नव्हे! क्रमांक हाताने मात्र टाकू नयेत. मध्येच एक तक्ता वाढला की पुढचे सगळे उल्लेख खोटे पडतात.

वर्डमध्ये त्रास वेगळा. तिथे तक्ता सहसा तरंगत नाही, मजकुराच्या रांगेतच राहतो आणि पान संपेल तिथे दुभंगतो. दुसऱ्या पानावर नुसते आकडे उरतात, कुठला रकाना कशाचा ते कळत नाही. त्यावर ‘रिपीट हेडर रोज’ची सोय आहे, आणि एकच ओळ दोन पानांत चिरली जाऊ नये यासाठी ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’वरची खूण काढता येते. तक्त्याच्या मध्येच हाताने पेज ब्रेक टाकला, तर पहिली सोय चालत नाही.

पण जागेचं भांडण बऱ्याचदा तक्ता नको तितका मोठा असल्यामुळेच होतं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९७७मध्ये एका निबंधात तक्त्यांबद्दल काही रोखठोक सूचना केल्या: आकडे दोन अर्थपूर्ण अंकांपर्यंत आणा, ओळी वर्णक्रमाने न लावता आकाराच्या क्रमाने लावा, आणि ज्यांची तुलना करायची ते आकडे एकाखाली एक ठेवा. ४३.२८७१ आणि ३९.९१४६ यांच्याऐवजी ४३ आणि ४० दिसले, की फरक डोळ्यांना आपोआप कळतो आणि रकानाही अरुंद होतो. दोन अंकांचा नियम प्रत्येक प्रयोगाला लावता येणार नाही, हे खरं. पण मोजणीच्या उपकरणाची अचूकता एका दशांश स्थळाची असताना चार स्थळं छापणं हा तर सरळ दिखावा झाला. एकक एकदाच, रकान्याच्या मथळ्यात द्यावं. दशांशचिन्हं एका सरळ रेषेत यावीत.

उभ्या रेषा तर खुशाल काढून टाकाव्यात. लाटेकमध्ये देखण्या तक्त्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं ‘बुकटॅब्ज’ हे पॅकेज याबाबत कडक आहे: उभी रेषा कधीच नाही, दुहेरी रेषा कधीच नाही. बहुतेक तक्त्यांना तीन आडव्या रेषा पुरतात: वर, मथळ्याखाली आणि शेवटी. लांब तक्त्यात दर पाच ओळींनंतर थोडी मोकळी जागा सोडली की नजर ओळ चुकत नाही. डोळ्यांच्या सोयीचं महत्त्व जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. लॉगरिदमची कोष्टकं छापणारे इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी तर १८३१मध्ये तीच कोष्टकं दीडशेच्या आसपास रंगांच्या कागदांवर निरनिराळ्या शाईंनी छापून घेतली, डोळ्यांना कमीत कमी शीण कशाने होतो ते पाहायला.

इतकं करूनही तक्ता रुंद राहिला, तर आधी ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करून पाहाव्यात. वर्षं बारा आणि पिकं तीन असतील तर वर्षं खाली उतरवायची. आडवं पान हा नंतरचा मार्ग. तेव्हा तक्त्याचा माथा पानाच्या डाव्या कडेला ठेवतात, म्हणजे पुस्तक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की वाचता येतं. पीडीएफमध्ये ते पानच आडवं करून द्यावं, नाहीतर वाचकाला मान वाकडी करावी लागते. आणि ही सगळी हलवाहलव मजकूर पक्का झाल्यावरच करावी, कारण दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढला की त्या प्रकरणातल्या पुढच्या प्रत्येक तक्त्याची जागा पुन्हा नव्याने ठरते.