जीमॅटमध्ये पहिले सात प्रश्न ‘सोन्याचे’ नसतात

रत्नागिरी-चिपळूणकडची मुलं जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागली की एक सल्ला हमखास कानावर येतो: गणिताच्या पहिल्या सात प्रश्नांवर हवा तेवढा वेळ घाला, गुण तिथेच ठरतात. हे खरं नाही. पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरांवरून निवडला जातो, पण गुण शेवटपर्यंतच्या उत्तरांवर ठरतात. शिवाय प्रश्न सुटून राहिले तर गुण कापले जातात.

हिशोबच करा. 45 मिनिटांत 21 प्रश्न. पहिल्या सातांना चार-चार मिनिटं दिली की 28 गेली. उरलेल्या 14 प्रश्नांना जेमतेम 73 सेकंद.

त्यापेक्षा सातव्या प्रश्नानंतर घड्याळात 30 मिनिटं आणि चौदाव्यानंतर 15 उरलेली हवीत. अडीच मिनिटांत वाट दिसली नाही, तर अशक्य पर्याय खोडून एक निवडा, खूण करा, पुढे चला. वेळ उरला तर शेवटी तीन उत्तरं बदलता येतात.

या विभागात कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून टक्केवारी अपूर्णांकात पाठ हवी. हापूसच्या पेटीचा भाव 25 टक्के चढवून 20 टक्के सूट दिली? 5/4 गुणिले 4/5, म्हणजे मूळ भावच. आकडेमोड शून्य.