वणव्याचा वेग मोजतात कसा?

५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मान गल्च नावाच्या दरीत, वणव्यानं १३ जणांचा बळी घेतला. आग विझवायला गेलेली ही माणसं, बहुतेक पॅराशूटनं उतरलेली, गवतानं भरलेल्या खड्या चढावरून वर पळत होती आणि आग त्यांच्यापेक्षा वेगानं चढत होती. मृतांपैकी एकाच्या घड्याळाचे काटे ५ वाजून ५६ मिनिटांवर थांबलेले सापडले. जागा माहीत आणि तिथे आग पोचल्याची वेळही माहीत. वणव्याचा वेग काढायला याच दोन गोष्टी लागतात, आणि त्या इतकी मोठी किंमत मोजल्याशिवाय मिळाव्यात यासाठी उपकरणं हवीत.

सगळ्यात साधी पद्धत माणसाच्या हातची. मुद्दाम लावलेल्या प्रायोगिक आगीच्या कडेनं चालायचं, ठरावीक वेळानं आगीच्या पुढच्या कडेवर क्रमांक घातलेले धातूचे बिल्ले टाकत जायचं आणि राख थंड झाल्यावर त्यांच्यातलं अंतर टेपनं मोजायचं. मंद आगीत हे जमतं. आग जोरात असेल तर माणसाला तिच्याजवळ फिरकताही येत नाही.

तिथे थर्मोकपल कामाला येतं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या की तो जोड तापल्यावर विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो आणि त्यावरून तापमान कळतं. टोक जमिनीच्या वर ठेवायचं आणि नोंदी साठवणारी डबी मातीत पुरायची. मातीचा काही सेंटीमीटरचा थर उष्णता चांगली अडवतो, त्यामुळे वरून आग निघून गेली तरी डबी शाबूत राहते. पण आग ‘पोचली’ असं नेमकं कधी म्हणायचं? ज्वाळा दूर असतानाच तिच्या धगीनं तार तापू लागते. म्हणून ३०० अंश सेल्सियसच्या आसपासची एखादी मर्यादा ठरवून ती ओलांडल्याची वेळ धरतात. तार जाड असेल तर ती सावकाश तापते आणि वेळ उशिराची नोंदली जाते. सगळीकडे सारख्याच जाडीची तार वापरण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

दोन थर्मोकपल पुरत नाहीत. आग बाजूनं आली तर दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी तापतात आणि हिशोबात अफाट, साफ खोटा वेग येतो. त्यामुळे तीन उपकरणं त्रिकोणात लावतात. समजा, ४० मीटर बाजूचा समभुज त्रिकोण आहे. दोन कोपरे एकदम पेटले आणि तिसरा २ मिनिटांनी. इथे आगीनं कापलेलं अंतर ४० मीटर नाही. ती त्रिकोणाच्या उंचीइतकी, म्हणजे साडेचौतीस मीटरच्या थोडं वर, पुढे सरकली. वेग मिनिटाला सुमारे १७ मीटर, आणि सोबत दिशाही मिळाली.

इतकी काटेकोर मोजणी कशासाठी, हे ज्याच्यामुळे पटतं ते सूत्र वणव्यांचे अमेरिकी अभ्यासक जॉर्ज बायरम यांनी १९५९ मध्ये मांडलं. आगीच्या कडेच्या दर मीटरमागे दर सेकंदाला किती उष्णता बाहेर पडते, ते काढायला तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: दर किलो इंधनाची उष्णता, दर चौरस मीटरला जळणारं इंधन आणि आगीचा वेग. एक किलो वाळक्या पाल्यातून साधारण १८,००० किलोज्यूल उष्णता मिळते. हातातली अवजारं घेऊन आगीच्या तोंडाशी काम करायची मर्यादा दर मीटरला सुमारे ३५० किलोवॅट मानतात. चौरस मीटरला एक किलो पाला जळत असेल, तर ही मर्यादा गाठायला मिनिटाला सव्वा मीटरचा वेगही जास्तच होतो! म्हणजे नजरेला रेंगाळल्यासारखी वाटणारी आगसुद्धा समोरून अडवण्यासारखी नसते. त्यात चढ दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, हा जुना ठोकताळा धरला, तर मान गल्चच्या उतारावर काय झालं असेल याची कल्पना येते.

उंचावरून मोजायचं तर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण टिपणारा, कॅमेरा लागतो. धुरातून डोळ्यांना काही दिसत नाही, पण योग्य तरंगलांबीचे अवरक्त किरण धुरातून बऱ्याच अंशी आरपार येतात. विमान किंवा ड्रोन आगीवर फिरत राहिलं, की दर काही सेकंदांनी आगीची कड नकाशावर उतरवता येते. कडांच्या या रेषा जिथे एकमेकींपासून लांब, तिथे आग सुसाट गेलेली. मला ही पद्धत सगळ्यात मोलाची वाटते, कारण वणवा एका वेगानं चालत नाही. वारा पडला की तो मंदावतो, झोत आला की उसळतो, आणि माणसं सापडतात ती या उसळीत. तासाभराची सरासरी ती उसळी गिळून टाकते.

उपग्रहांची अडचण हीच आहे. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो, पण ते दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातं. पृथ्वीच्या एकाच भागावर कायम असणारे भूस्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी पाहतात, मात्र त्यांचा अवरक्त ठिपका साधारण २ किलोमीटरचा. ताशी ६ किलोमीटर वेगाची आग १० मिनिटांत एकच किलोमीटर जाते, म्हणजे अर्धा ठिपका. वणवा कुठे आहे हे त्यातून कळतं. पुढच्या पाच मिनिटांत तो किती सरकेल, हे नाही.

आणि ठिणग्या? वारा त्या मुख्य आगीच्या पुढे नेऊन टाकतो, तिथे नवी आग पेटते आणि ती उलटी, मागच्या थर्मोकपलकडेही येते. तीन कोपऱ्यांच्या वेळांवरून अशा वेळी चक्क विरुद्ध दिशा निघू शकते. त्यामुळे प्रायोगिक आगींमध्ये जमिनीवरच्या तारा आणि वरचा अवरक्त कॅमेरा एकाच वेळी, एकाच घड्याळाला जुळवून चालवतात.