भाषा-विनिमय (प्रवासातील)

प्रवासी आणि स्थानिक रहिवासी यांनी मोबदला न घेता एकमेकांना आपापली भाषा शिकवण्याची व त्यातून स्नेह जोडण्याची पद्धत. परक्या गावात पाहुणा एरवी सतत घेणाऱ्याच्या भूमिकेत असतो. तो वाट विचारतो, भाव विचारतो, मदत मागतो. भाषा-विनिमयात मात्र त्याच्याजवळही देण्यासारखे काही असते आणि यजमानालाही अडखळण्याची, चुकण्याची मुभा मिळते. या बरोबरीमुळे अशा ओळखीचे मैत्रीत रूपांतर होणे पर्यटनातील इतर संपर्कांच्या तुलनेत सोपे जाते.

फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्यात १९६३ साली झालेल्या एलिझे मैत्री करारानंतर दोन्ही देशांतील तरुणांच्या एकत्र शिबिरांना चालना मिळाली. त्या वातावरणात ‘टँडेम’ या नावाने ओळखली जाणारी जोडीने शिकण्याची रीत रुजली. परस्परता, म्हणजे दोघांचाही सारखा लाभ, आणि स्वायत्तता, म्हणजे काय व कसे शिकायचे हे ज्याचे त्याने ठरवणे, ही तिची दोन तत्त्वे आजही पाळली जातात. भारतात सर्व प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावे हा विचार साने गुरुजींनी ‘आंतरभारती’च्या कल्पनेतून मांडला होता. प्रवासातील भाषा-विनिमयाचा भारतीय आधार शोधायचा झाल्यास तो तेथेच सापडतो.

सोलापूर हे या पद्धतीसाठी महाराष्ट्रातील विशेष अनुकूल शहर मानावे लागेल. कर्नाटकाच्या सीमेलगत असल्याने येथे मराठीबरोबर कन्नड घराघरांत बोलली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर समाजामुळे शहराच्या पूर्व भागात तेलुगू ऐकू येते आणि उर्दूची दखनी बोलीही बाजारात सर्रास वापरात असते. ज्या सिद्धरामेश्वरांना शहर आपले ग्रामदैवत मानते, त्यांची बाराव्या शतकातील वचने, म्हणजे भक्तिपर छोट्या रचना, कन्नडमध्ये आहेत, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत मराठी व कन्नड भाविक एकाच गर्दीत असतात. त्यामुळे येथे मराठी शिकू पाहणाऱ्याने समोरच्याची घरची भाषा कोणती हे आधी विचारणे शहाणपणाचे ठरते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यातील कामगार उत्तम मराठी बोलेल, पण त्याच्या तेलुगूविषयी कोणी आस्थेने विचारले तर संभाषणाचा सूरच बदलतो. ‘जेवण झालं का?’ हा प्रश्न मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत भेटीच्या आरंभी विचारला जातो. पाहुण्याने तो तिन्ही भाषांत पाठ करून ठेवावा, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या आग्रहापर्यंत पोहोचते.

याच शहरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी ते त्याच भाषेत बोलू लागले व १९४१ मध्ये रुग्णालयातील सहकारी गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. डिसेंबर १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याला भाषा-विनिमय हे नाव देता येणार नाही. तरी परक्या लोकांत मिसळण्यासाठी त्यांची भाषा आत्मसात करण्याचे याहून मोठे उदाहरण सोलापूरकरांपुढे नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात भेटीचा वेळ दोन सारख्या भागांत वाटून घेतात आणि प्रत्येक भागात एकाच भाषेत बोलतात. बोलताना दर शब्दाला टोकल्यास शिकणारा गप्प होतो, म्हणून चुका टिपून ठेवून शेवटी सांगणे बरे. विषय हाताशी असलेला घ्यावा: भाजीचा भाव, एस.टी.चे वेळापत्रक, पंढरपूर किंवा अक्कलकोटला जाण्याचा बेत. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचे हे वयाने मोठ्या व्यक्तीने ठरवावे, प्रौढ स्त्रीला मावशी किंवा काकू म्हटल्याने अंतर कमी होते आणि आदरही राहतो.

या पद्धतीपुढील सर्वांत मोठी अडचण इंग्रजी आणि हिंदी यांच्या वजनाची आहे. इंग्रजी जाणणारा पाहुणा भेटला की स्थानिक तरुण सगळा वेळ त्याच्याशी इंग्रजीतच बोलतो, कारण नोकरीच्या दृष्टीने त्याला ती हवी असते. उलट अन्य राज्यांतील पाहुण्याशी सौजन्यापोटी हिंदीत बोलले जाते. दोन्ही प्रकारांत पाहुण्याचे शिकणे थांबते आणि स्थानिक भाषा शिकण्याजोगी नाही असा चुकीचा समज पक्का होतो. म्हणून वेळेची वाटणी पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून ठरवणे अत्यावश्यक आहे. जोडीदार शोधण्यासाठी आज मोबाइल अ‍ॅपही वापरली जातात. त्यांवरून ओळख झालेल्या व्यक्तीला पहिल्यांदा सार्वजनिक ठिकाणी, दिवसा भेटणे योग्य. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाचा परिसर किंवा एखादे गजबजलेले उपाहारगृह त्यासाठी सोयीचे आहे.