संध्याकाळीच खाखा का सुटते?

भूक लागलेला माणूस समोर येईल ते खातो. खाखा सुटलेल्याला मात्र नेमकं काहीतरी हवं असतं: खारट, गोड, कुरकुरीत. संध्याकाळी फ्रीजचं दार तीनदा उघडून तीनदा बंद करणारा माणूस बहुतेक वेळा उपाशी नसतो.

मग हा प्रकार सकाळी का होत नाही? रात्रभर पोट रिकामं असतं, त्या हिशेबाने उठल्याउठल्या भुकेने जीव जायला हवा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचं उत्तर सापडतं. १२ जणांना १३ दिवस मंद उजेडाच्या प्रयोगशाळेत ठेवलं आणि त्यांचा ‘दिवस’ केला २० तासांचा. त्यामुळे जेवणं आणि झोप रोज पुढेमागे सरकत राहिली. शरीराचं आतलं घड्याळ तेवढं आपल्या चालीने चालू राहिलं. भूक त्या घड्याळाच्या मागे गेली. सकाळी आठच्या सुमारास ती सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त भरली. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढही तशीच. म्हणजे संध्याकाळी आपण मनाने दुबळे होतो असं नाही, तेव्हा भरतीच असते.

या भरतीत आपण स्वतःही भर घालतो. दुपारचं जेवण टाळलं की संध्याकाळी त्याची वसुली होते, हे सांगायला प्रयोगशाळा नको. झोपेचं गणित मात्र सहसा लक्षात येत नाही. २००४ सालच्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपू दिलं होतं तेव्हाच्या तुलनेत भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) २८ टक्क्यांनी जास्त आणि तृप्ती कळवणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी कमी आढळलं. आजच्या खाखेचं मूळ काल रात्रीच्या जागरणात असू शकतं.

खाखा सुटल्यावर काय करायचं? मला यातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो तो कल्पनेचा. तो पदार्थ डोळ्यांपुढे येतो, त्याचा वास, दाताखालचा आवाजसुद्धा, आणि ते चित्र जितकं ठसठशीत तितकी ओढ तीव्र. ‘त्याचा विचारच करायचा नाही’ असं बजावलं की चित्र आणखी ठळक होतं. त्यापेक्षा मनाचा तो पडदाच दुसऱ्या कामाला लावावा. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला, तर ओढ कमी झाली. तुकडे फिरवून बसवण्यात डोळ्यांपुढचं चित्र पुसट होतं. पंधरा मिनिटं झपझप चालण्याचाही उपयोग दिसून आला आहे. टीव्हीसमोर बसून निग्रह करणं हा मात्र सगळ्यांत अवघड मार्ग, कारण तिथे डोळे आणि हात दोन्ही मोकळे असतात.

एवढं करूनही साधं जेवण चालेल असं वाटत असेल, तर ती खरी भूक, सरळ जेवावं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला घाम, थरथर जाणवली तर साखर लगेच तपासावी, तिथे मन वळवत बसू नये. आणि रोज रात्री झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नसेल, तर तो १९५५ पासून वैद्यकाला ठाऊक असलेला वेगळा विकार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं.